बिननावाचे डबे

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुका जवळा निवडणं. ओटीवर वर्तमानपत्र पसरून समोरासमोर बसलो होतो. जवळ्यात वाळू असते, शिंपल्याचे तुकडे असतात, बोटाला टोचणारं काहीबाही असतं. ती भरभर निवडायची, मी सावकाश, म्हणून माझ्या ढिगातला जवळा ती न बोलता आपल्याकडे ओढायची. निवडून झाल्यावर तिने एक लिंबू कापलं. अर्ध्या फोडीने आपले हात चोळले आणि तीच फोड माझ्या हातात दिली. दुसरं अर्धं कालवणाला ठेवलं.

जवळा बहरीनला लेकीकडे जायचा होता. त्याच पार्सलात घालायला नतालीनने स्टीलचा एक डबा पुसून बाजूला ठेवला होता. म्हणाली, "ह्याच्यावर नाव घालू नका." हे ती दर वर्षी म्हणायची. मी दर वर्षी हं म्हणायचो. दोन दिवसांनी सकाळी ती उठलीच नाही. पार्सल तसंच राहिलं.

मी बहरीनला जाऊन आलो तेव्हापासून गावात जो तो विचारतो, कसं आहे तिकडे. तोंडाने सांगायला लागलो की मध्येच उठून जावंसं वाटतं, म्हणून लिहून काढतोय. शाळा चौथीपर्यंत. बाकीची अक्षरं शिकलो ती भांड्यांवर. वसईच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून मी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. आधी छिन्नी आणि हातोडी, मग विजेचं मशीन आलं. लग्नाच्या आहेरावर कुणातर्फे ते, पंगतीला उसन्या जाणाऱ्या पातेल्यावर घराचं नाव, देवळाला दिलेल्या मेणबत्तीच्या स्टँडवर कुणाच्या स्मरणार्थ ते. आमच्याकडे भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं कुणाचंच नाही. लग्न उरकल्यावर बिननावाचं पातेलं अंगणात उरतं आणि शेवटी आचारी घेऊन जातो.

आणि माझी बायको बिननावाचे डबे वाटायची.

बरीच वर्षं झाली, आमच्या देवळात एक पाहुणे फादर आले होते. जगात कुठे कुठे ख्रिस्ती माणसं दार लावून, दबक्या आवाजात प्रार्थना करतात, ते त्यांनी सांगितलं. धरले गेले तर नोकरी जाते, मार बसतो, तुरुंग होतो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मागच्या बाकावर होतो, मला वाटलं आता दानाची थाळी फिरणार. थाळी फिरलीच. नतालीनचं त्यावर भागलं नाही. ती मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर फादरांकडे गेली आणि विचारून आली की पैसे सोडून काय लागतं. ते म्हणाले, साधा स्टीलचा डबा, कामगार नेतात तसा. तेव्हापासून मोगरा विकून जे यायचं त्यातून ती डबे घ्यायची, आमच्याच दुकानातून, पूर्ण किंमत देऊन. शेठकडे कमी करून माग, असं मला कधी म्हणाली नाही. लेक नर्स होऊन बहरीनला गेल्यावर डबे तिच्या पार्सलातून जायला लागले. पुढे कुठे जायचे ते मी विचारलं नाही. घरात नाव घालणारा बसलेला असताना ही कोरे डबे पाठवते, ह्याचा मला रागच होता. माझ्या हाताची हिला लाज वाटते, इतपत मी मनात धरून होतो.

ती गेली तेव्हा देवळात माणूस मावत नव्हता. हार आले, मेणबत्त्या आल्या, नालासोपाऱ्याचा केळीवाला आला. ज्यांना तिने वर्षानुवर्षं डबे पाठवले त्यांच्याकडून दोन ओळी आल्या नाहीत. लेक ग्लोरियासुद्धा आली नाही, तिला रजा मिळाली नाही. तिने आईला मातीत घातलेलं फोनवर पाहिलं, आणि फोन धरला होता शेजाऱ्याने, त्याचा अंगठा मध्ये येत होता.

महिन्याची मिस्सा झाल्यावर मी कपाटातला तो शेवटचा डबा काढला. मशीन बाजूला ठेवलं आणि जुनी छिन्नी घेतली. छिन्नीचं नाव जात नाही, हे मी जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आलो. झाकणाच्या खाली, गोल फिरवून घातलं: नतालीन पास्कल, वसई, यांच्या स्मरणार्थ. पुढे ती गेल्याची तारीख. मग क्रूस.  माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, असं मला वाटलं. ग्लोरिया बोलावतच होती. मी ठरवलं, हा डबा आपल्या हाताने नेऊन द्यायचा, घेणारा कोण ते डोळ्यांनी बघायचं आणि त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकून यायचं. एवढ्याच कामासाठी मी विमानात बसलो.

उम्म अल हस्सम

जानेवारी होता. बहरीनच्या विमानतळावर माझी पेटी उघडायला लावली, जवळ्याचा वास आला म्हणून. तरुण अंमलदार होता, दाढी कातरलेली. त्याने जवळा बघितला, सुकेळी बघितली, केळं वाळवलं की असं होतं हे मी हाताने दाखवलं. मग नतालीनच्या रुमालात गुंडाळलेला डबा सोडला. क्रूसावरून त्याचं बोट फिरलं. मी मनात म्हटलं, आता. तो म्हणाला, "मफी मुश्किल, यल्ला," म्हणजे काही हरकत नाही, चला, आणि झाकण नीट लावून मला परत दिला. मी तिथेच ठरवून टाकलं की तो पाहुणा फादर आम्हाला रडवायला सांगून गेला. कसला छळ आणि कसलं काय.

लेकीचं घर उम्म अल हस्सममध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली किराणा, न्हावी, कपडे इस्त्री करणारा आणि एक भाकरीवाला. भाकरीवाला भट्टीच्या भिंतीला रोटी चिकटवतो आणि लांब आकड्याने काढतो, फुगलेली, दोन्ही हातांत न मावणारी. सकाळी तिच्यावर महियावा लावून खातात. महियावा म्हणजे आंबवलेल्या माशाचा काळपट रस. लेक म्हणाली, पप्पा वास येतो, तुम्हाला जमणार नाही. मी दोन रोट्या खाल्ल्या. जवळ्यावर वाढलेल्या माणसाला वासाची भीती घालतात.

जावई हिद्दला एका वर्कशॉपमध्ये आहे, सकाळी अंधारात जातो. नात रिया दहा वर्षांची. मी मराठीत बोललो की तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी विचारायचो, शाळेत काय केलंस, ती एक लांब वाक्य बोलायची, आणि मी मान डोलवायचो. तिच्या डब्यावर, बाटलीवर, पट्टीवर, सगळीकडे तिच्या नावाचे गुलाबी स्टिकर आहेत. ते बघून मला बरं वाटलं. म्हटलं, रक्तात उतरलंय.

घर चांगलं आहे. ग्लोरियाने आईचा फोटो टीव्हीच्या वर लावला आहे, खाली छोटा दिवा. फोटोतली नतालीन हसते आहे, ते हसू तिच्या चेहऱ्याचं नाही, फोटोवाल्याने हसा म्हटल्यावरचं आहे. मी लेकीला तसं बोललो. ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी असाच आहे, तोंडात येतं ते बाहेर पडतं. आवरायला एक माणूस होतं, ते गेलं.

डबे घेणाऱ्या माणसांना भेटायचं आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. डबा आणलाय हे सांगितलं, पण दाखवला नाही. तो त्यांच्यासमोर उघडायचा होता.  ग्लोरिया म्हणाली, एक बाई शुक्रवारी येण्यासारखी आहे, बघते. आणि म्हणाली, पप्पा, जास्त विचारू नका तिला.

हिद्द

गुरुवारी जावयाने मला त्याच्या वर्कशॉपला नेलं. हिद्द म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेली जागा. गोदामं, क्रेन, लोखंडाचा वास. समुद्र आहे, पण आमच्यासारखी ओहोटीची चिखलाची मजा नाही, काँक्रीट संपलं की पाणी सुरू. मला काय बघायचं होतं तिथे, मी एका स्टुलावर बसून राहिलो.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मला माझं काम दिसलं. भिंतीशी एक फळी होती आणि तिच्यावर कामगारांचे डबे, पंधरावीस, सगळे सारखे. मी लगेच ओळखलं, नतालीन पाठवायची ते हेच. कुणी कडीला लाल दोरा बांधलेला, कुणी झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलेला. एका बिहारी माणसाचा दोरा तुटला होता, तो दुसऱ्याची भेंडी खाऊन बसला आणि मग त्या दोघांची जुंपली. जावयाने हसत सांगितलं की माझे सासरे नावं घालतात. झालं. एकाने खिळा आणला, एकाने हातोडी. मी खिळा कानशीवर घासून टोक केलं आणि बसलो. हिंदीत नावं विचारायची, देवनागरीत घालायची. एका मल्याळी माणसाने सांगितलं, मला हे वाचता येत नाही. मी म्हटलं, तुला कशाला वाचायला पाहिजे, दुसऱ्याला कळलं म्हणजे झालं. सगळे हसले.

आठ डबे केले. चार महिन्यांत मी प्रथमच पोटभर जेवलो, त्या बिहारी माणसाच्या डब्यातून. परत येताना गाडीत मला नतालीनचा जुना राग पुन्हा आला. बघ म्हटलं, माणसं कशी खूश होतात. तू मात्र.

शुक्रवार

तिथे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे रविवारची मिस्सा शुक्रवारी होते. मनामाचं देऊळ मोठं, बाहेर पोलीस आहे तो गाड्या लावायला मदत करतो. आत फिलिपिनो, केरळी, गोवेकर, आमच्या वसईचे. मराठी मिस्सा त्या दिवशी नव्हती, कोकणीत बसलो, निम्मं कळलं. माझ्या अंगात राग शिरत होता तो ह्यासाठी की इथे सगळं उघड्यावर आहे. मोठ्याने गातात. मग लपणारे कुठे आहेत? बायकोने फुलं विकून विकून कुणाला पोसलं?

दुपारी बाई लेकीच्या घरी आली. चाळिशीची असेल, सावळी, काटक, डोक्यावरचा काळा रुमाल दारातच काढून पिशवीत घातला. लेक म्हणाली, "पप्पा, ह्या त्या." नाव सांगितलं नाही. मी इथे लिहीतही नाही. ती ज्या देशात कामाला आहे त्याचंही नाव लिहीत नाही, मला शपथ घातली आहे. बहरीनहून फार लांब नाही, एवढंच.

ती नगरकडची निघाली, शेतमजुराची पोर. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. मी वसईचा, आम्ही स्वतःला जुने समजतो, नगरवाल्यांकडे जरा वरूनच बघतो, खोटं कशाला बोलू. ती एका घरात स्वयंपाक आणि मुलं सांभाळते. तिच्या मॅडमची बहीण इकडे बुसैतीनला दिलेली आहे, म्हणून मॅडम इकडे येते तेव्हा हिलाही आणते. मॅडम वाईट नाही म्हणाली. इथे असताना शुक्रवारी दोन तास सोडते आणि कुठे जातेस ते विचारत नाही.

लेकीने साफी तळली होती, तिकडचा छोटा मासा, काटे बेताचे. बाई जेवली आणि जेवता जेवताच उठून स्वतःची थाळी विसळायला लागली. ग्लोरियाने धरून बसवलं. मी सरळ विचारलं, आमचे डबे जातात कुठे.

तिने सांगितलं. तिकडे देऊळ नाही, असायची परवानगी नाही. एक खोली आहे, एका ड्रायव्हरने घेतलेली. पैशाची मदत जाते त्यातून त्या खोलीचं भाडं जातं. भाडं जास्त पडतं, कारण खोली कडेची लागते, जिच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत नसेल. तांदूळ आणि कोंबडी आणतात, कारण पंधरा माणसं एका खोलीत जमली तर जेवण शिजलेलं दिसलं पाहिजे. कुणी विचारलं तर वाढदिवस आहे म्हणतात. एका माणसाचा वाढदिवस एका वर्षात चार वेळा झाला, आता तो स्वतःच विसरलाय खरा कधी ते. गाणं तोंडातल्या तोंडात. कुणाला धरून देशाबाहेर काढलं तर त्याचं तिकीट आणि घरी पहिले दोनतीन महिने किराणा, तोही ह्याच पैशांतून.

मी विचारलं, पावती मिळते का. ती हसली. म्हणाली, "बाबा, पावतीवर लिहायचं काय?"

आणि डबे. ज्या बाया घराबाहेर पडूच शकत नाहीत, ज्यांना सुट्टीच नाही, त्यांच्यापर्यंत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, डब्यातून जातो. तो कुठून मिळतो ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पांढऱ्या फडक्यात तो, वर चपाती. ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दाराशी डबा देतो, गाववाल्या बाईने भाजी पाठवली म्हणून. आठवड्याने रिकामा डबा दुसऱ्याच दारातून परत येतो. कुठला डबा कुठल्या घरातून फिरला ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

 मला वाटलं आता वेळ झाली. मी आत जाऊन डबा आणला, रुमाल सोडला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने तो दोन्ही हातांत घेतला. एकेका अक्षरावरून बोट फिरवत, गोल फिरवत वाचला. पार शेवटपर्यंत. म्हणाली, "अक्षर लई सुरेख आहे बाबा." मग डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"हा नाही चालायचा."

मी म्हटलं, का.

तिने ग्लोरियाकडे पाहिलं. ग्लोरियाचा चेहरा उतरला होता, डबा तीही पहिल्यांदाच बघत होती. मग बाईने सांगितलं की मागे एका माणसाने आपल्या डब्याच्या बुडाला गावाचं नाव खरवडलं होतं. गावाची आठवण म्हणून, दुसरं काही नाही. एका घरात फडक्यासकट तो डबा सापडला. डब्यावरून गाव, गावावरून त्या गावची तिथली दोन माणसं. त्यातला एक खरंच त्यांच्यातला होता. दुसरा नव्हता, दर्ग्यावर जाणारा मुसलमान होता बिचारा, त्यालाही महिनाभर आत ठेवलं. तेव्हापासून दोरासुद्धा बांधत नाहीत.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. मी म्हटलं, मेलेल्या बाईला कोण धरणार आहे? मी म्हटलं, बारा वर्षं तिने स्वतःसाठी एक लुगडं घेतलं नाही आणि तुमच्यासाठी डबे घेतले, आणि ती गेली तेव्हा तुमच्यातलं एक कुत्रं भुंकलं नाही. मी म्हटलं, मी एवढ्या लांब आलो तो तुमच्या तोंडून तिचं नाव ऐकायला आलो.

"मला वाचून दाखवायला लावता होय?" ती म्हणाली. "मी आत्ता वाचलं ते विसरायला बघतेय, बाबा."

"विसरायला?"

"उद्या मला कुणी बसवून विचारलं, डबे कोण देतं, तर मला ठाऊक नसलेलं बरं. मार खाऊन माणूस ठाऊक असलेलं सांगतं. हे घर मला ठाऊक आहे, तेच जास्त झालंय."

ग्लोरिया म्हणाली, पप्पा, पुरे आता. पण मला बोलायचंच होतं. मी म्हटलं, "माझ्या बायकोला तुम्ही बेवारस करून टाकलंत."

ती रागावली नाही. म्हणाली, "आम्ही तिकडं सगळेच तसे आहोत. मेलो तर पेटीवर पासपोर्टचा नंबर असतो."

मग म्हणाली, "डबे देणाऱ्यांसाठी दर खेपेला प्रार्थना होते. नाव नाही घेत, पण होते."

"कुणात धरता तिला?" मी विचारलं. "जिवंतांत का मेलेल्यांत?"

ती म्हणाली, "आम्हाला कुठं कळतं बाबा, कोण गेलं न कोण राहिलं. दोन्हींत धरतो."

तिचे दोन तास झाले होते. काळा रुमाल बांधताना तिने ग्लोरियाला सांगितलं की उद्या दहाला मॅडम परत निघणार, आणि ह्या खेपेला एक डबा कमीच पडतोय, एक चिरला. हे तिने मला सांगितलं नाही. मला ऐकू जाईल असं सांगितलं.

ती गेल्यावर मी लेकीवर घसरलो. तू तरी सांगायचंस, म्हटलं. ग्लोरिया भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, "मम्मी दर वर्षी सांगत होती, पप्पा. तुम्ही एकदा तरी विचारलंत, का म्हणून?"

मी टेबलावरचा डबा उचलून परत ठेवला.

"आणि तिच्या तोंडावर माती पडली ती मी फोनवर पाहिली," ती म्हणाली. "मी कुणाशी भांडू?"

संध्याकाळी ग्लोरिया आणि जावई आतल्या खोलीत बसले. रिया तेवढी माझ्याजवळ आली आणि डब्यावरचं वाचायला लागली, अडखळत, मराठी अक्षरं जोडत. न, ता, ली. पुढे तिला आजीचं नाव येतच होतं. "इट्स सो प्रिटी, ग्रँडपा," म्हणाली. मी डबा रुमालात बांधून ठेवला.

बुसैतीनला जाताना

शनिवारी सकाळी सहाला मी जावयाला उठवून त्याच्याकडून कानस, पॉलिश पेपर आणि छोटी हातोडी मागितली. बाल्कनीत पाटावर बसलो. खाली भाकरीवाल्याची भट्टी पेटली होती, थंड वारा होता.

मशीनने घातलेलं नाव दहा मिनिटांत जातं. हे मी छिन्नीने घातलं होतं.

एक सांगतो, मला दुसरंही करता आलं असतं. ठिपक्याला ठिपका जोडून मी त्या नावाची वेल करू शकलो असतो. पानं, कळ्या, गोल फिरवलेली मोगऱ्याची वेल. अक्षरं पोटात राहिली असती आणि माझ्याशिवाय कुणाला दिसली नसती. एवढी कला माझ्या हातात आहे. हातोडी हातात घेऊन मी त्याचा विचार करत बराच वेळ बसलो. पण वेल कोण घालतं कामगाराच्या डब्यावर? दोनदा वळवून बघितला असता कुणीही. आणि बसवून विचारलं असतं ते त्या बाईला, मला नाही.

क्रूस पहिल्यांदा काढला. मग तारीख. मग स्मरणार्थ, मग वसई, मग पास्कल, म्हणजे माझं नाव. आतून लाकडाचा ठोकळा धरायचा, ठिपके ठोकून सपाट करायचे, वरून कानस, मग पॉलिश पेपर. पत्रा पातळ होऊन फाटेल ह्याची भीती. तिच्या नावाशी आलो तेव्हा साडेसात झाले होते. ग्लोरियाने चहा आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली. मी उलटा, शेवटाकडून येत होतो. शेवटी पहिला न एकटा राहिला. त्याच्यावर मी जास्त वेळ घेतला नाही.

नाव पुसलेली जागा कोऱ्या डब्यावर लगेच ओळखू येते, त्यामुळे मग सगळा डबाच घासला. चकाकी घालवली. दोनतीन ठिकाणी पोचे पाडले, कडी वाकवून सरळ केली, बूड गॅसवर धरून काळं केलं. हिद्दच्या फळीवर ठेवला असता तर मलाही सापडला नसता.

बुसैतीनच्या एका गल्लीत, मॅडमच्या बहिणीच्या मोठ्या घराच्या मागच्या दाराशी, ग्लोरियाने गाडी थांबवली. ग्लोरियाचा फोन गेल्यावर बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. मी काच खाली करून डबा दिला. तिने तो फिरवून फिरवून पाहिला, नखाने चाचपला, झाकण लावून काढून बघितलं. मग पदराखाली घेतला आणि आत गेली. 

घरी आल्यावर मी बेसिनशी गेलो. बोटं काळी झाली होती, नखांत पत्र्याची पूड. ग्लोरियाने साबणाची बाटली दाबून माझ्या हातावर फेस दिला. दोनदा धुतले, काळं निघालं नाही.

मी म्हटलं, अर्धं लिंबू दे.